कॉफीतला रोल

त्या रविवारीही मी भिंतीसमोर उभी होते. हातात उजेड मोजायचं करडं कार्ड, डावीकडे दोरीवर पांढरा टॉवेल, शेजारी स्टुलावर काळं कापड, मागे गच्चीची भिंत. इतक्या वर्षांत यातलं फक्त कापड बदललं होतं. पहिलं छत्रीचं होतं. ते विटलं तेव्हा बाबांनी ते निवृत्त केलं, स्वतः निवृत्त झाले त्याच वर्षी.

"कार्ड तिरकं आहे."

"नाही."

"उजेड मारतोय त्याच्यावर. सरळ धर."

"बाबा, हा हात आहे माझा. स्टँड नाही."

"स्टँड बोलत नाही, एवढाच फरक."

माझे वडील कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे आणि उरलेला वेळ काळ्या-पांढऱ्या फिल्म घरी केलेल्या डेव्हलपरमध्ये धुण्यात घालवायचे. डेव्हलपर म्हणजे स्वस्तातली इन्स्टंट कॉफी, धुण्याचा सोडा आणि क जीवनसत्त्वाची पूड. हे तिन्ही पाण्यात कालवलं की ओल्या गोणपाटासारखा वास सुटतो. त्या घाणीत फिल्म बुडवली की चित्र उमटतं. विकतच्या डेव्हलपरच्या बाटलीवर वेळ छापलेली असते. घरच्या डेव्हलपरला छापील वेळ नसते, ती शोधून काढावी लागते, आणि शोधून झाली की बदलते. सोड्याचं नवं पाकीट फोडलं, वेळ बदलली. कॉफीवाल्याने कॉफी बदलली, वेळ बदलली. शहाणा माणूस अशा वेळी बाटली विकत आणतो. बाबा शहाण्या माणसांना 'बाटलीवरचे' म्हणायचे.

म्हणून भिंत. रोलभर एकच देखावा काढायचा, अंधारात रोलचे तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा वेगळा वेळ धुवायचा आणि टॉवेल बघायचा. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, पांढरा टॉवेल काळा दिसतो. वेळ कमी पडली तर तो फिकट राहतो, जास्त झाली तर डांबर होतं आणि त्याची वीण गडप होते. बाबांची परीक्षा साधी होती. निगेटिव्ह वर्तमानपत्रावर ठेवायची. टॉवेलच्या काळ्या भागातून खालची अक्षरं जेमतेम वाचता आली की वेळ बरोबर. वर्तमानपत्राचा याहून चांगला उपयोग आपल्याला माहीत नाही, असंही ते वर म्हणायचे.

वेळ सापडली की त्या वेळेवर खरे फोटो काढायचे, असा मूळ बेत होता. खरे फोटो कधी आले नाहीत. वेळ सापडेपर्यंत सोडा संपलेला असायचा.

त्या रविवारी सोड्याचं पाकीट नवं होतं, म्हणजे पुन्हा भिंत. मी लग्नाआधी या घरात राहायचे तेव्हा कार्ड धरायचे, आणि लग्नानंतर दर रविवारी दोन बस बदलून कार्ड धरायला यायचे. बाकीचे दिवस मी एका प्रकाशनात मुद्रितं तपासते. बाबांच्या मते हे काम म्हणजे लोकांनी सांडलेलं पुसणं. मी त्यांच्या कामाला काय म्हणायचे ते मनातच ठेवलं होतं.

"छे! पुन्हा हललीस." त्यांनी कॅमेरा गळ्यातून काढून माझ्या गळ्यात अडकवला आणि कार्ड हिसकावून घेतलं. "हो बाजूला. बघ. कोपर अंगाला टेकलेलं. कार्ड हनुवटीखाली, छातीला समांतर. एवढी वर्षं शिकवतोय. एखादं माकड तयार झालं असतं!"

आई बाबांच्या मागे, भिंतीतल्या गच्चीच्या दारात फडकं पिळत उभी होती. "माकडाने पगार मागितला असता," ती म्हणाली.

मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि बटण दाबलं.

"काय केलंस?"

"फोटो काढला."

"मीटर न बघता?"

"मीटर मघाचंच आहे. ऊन तेच आहे, भिंतही तीच आहे."

"फ्रेम फुकट घालवलीस एक." त्यांनी कॅमेरा परत घेतला, आकडा पाहिला, झाकण लावलं. "राहू दे आता, ऊन उतरलं. उरलेला रोल पुढच्या रविवारी."

मंगळवारी सकाळी ते बूट घालायला खुर्चीत बसले आणि एक बूट घालून झाल्यावर गेले. आईला वाटलं, नेहमीसारखे कसल्यातरी विचारात पडलेत. ती दोनदा त्यांच्यावर ओरडली होती. ते दोनदा ओरडणं ती येईल त्या प्रत्येकाला सांगत होती, आणि येणारा प्रत्येकजण "अहो, तुम्हाला काय माहीत" म्हणत होता. जणू तिने तेच विचारलं होतं.

आठवड्याभरात छायाचित्र मंडळ आलं. मंडळ म्हणजे दोन माणसं. बाकीच्यांनी मोबाइल घेतल्यापासून येणं सोडलं होतं. बाबा महिन्यातून एकदा तिथे जायचे, दाखवलेल्या प्रत्येक फोटोला नाही म्हणायचे आणि ताजेतवाने होऊन परत यायचे. या दोघांना वाटायचं की ते मार्गदर्शन आहे.

अध्यक्ष विम्याच्या कचेरीतून निवृत्त झालेले. कॅमेऱ्याची बॅग ते तान्ह्या मुलासारखी छातीशी धरून बसतात आणि ती खाली ठेवायला कुणी सांगितलं की दचकतात. दुसऱ्याला बाबा 'तक्ता' म्हणायचे. फार पूर्वी बाबांनी मंडळात एकदा काही फिल्मच्या वेळा तोंडी सांगितल्या होत्या. या गृहस्थाने त्या टाइप केल्या, वर 'सरांच्या वेळा' असं शीर्षक दिलं, प्लॅस्टिकमध्ये घातल्या आणि तेव्हापासून तो कागद खिशात घेऊन फिरतो. त्या वेळा ज्या कॉफीच्या होत्या ती कॉफी बाजारातून केव्हाच गेली, हे बाबांनी त्याला सांगितलं होतं. त्याने मान डोलावली आणि तक्त्याच्या आणखी प्रती काढल्या.

"ताई," अध्यक्ष म्हणाले. माझ्याहून वीस वर्षांनी मोठा माणूस मला ताई म्हणत होता. "सरांच्या कामाचं प्रदर्शन करायचं आम्ही ठरवलंय. संपूर्ण कामाचं."

"संपूर्ण काम भिंत आहे," मी म्हणाले.

"म्हणजे?"

मी निगेटिव्हचे खोके काढून दिले. ते दोघं खिडकीपाशी बसून एकेक पट्टी उजेडात धरून बघू लागले. भिंत. भिंत आणि टॉवेल. भिंत, टॉवेल, कापड आणि एका मुलीच्या हातातलं कार्ड. पुढे बाईच्या हातातलं. चेहरा बहुतेक वेळा हनुवटीवर कापलेला, कारण चेहऱ्याचं त्यात काही काम नव्हतं. मी स्वयंपाकघरात चहा टाकला आणि शांतता किती वेळ टिकते ते ऐकत राहिले.

"अमूर्त!" अध्यक्षांचा आवाज आला.

"काळाबद्दल आहे हे," तक्ता म्हणाला.

"आणि भिंत... भिंत म्हणजे मर्यादा, नाही का?"

आई माझ्या शेजारी उभी होती. "भिंत म्हणजे भिंत," ती हळूच म्हणाली. "ओल आली होती तेव्हा रंग काढायला सांगितला, तर महिनाभर थांबवला यांनी. म्हणे टेस्ट बिघडेल."

मी पुष्कळ वाचते. वाचलेल्या पुस्तकांतले वडील मेल्यावर मोठे होतात. कपाटातून काहीतरी निघतं आणि मुलीला कळतं की आपण त्यांना ओळखलंच नव्हतं. आमच्या कपाटातून भिंत निघाली. मी त्यांना चांगलं ओळखत होते.

"वहिनी, सरांचा एखादा फोटो लागेल," अध्यक्ष चहा घेताना म्हणाले. "प्रवेशद्वारापाशी मोठा करून लावू."

"नाही," आई म्हणाली.

"प्रत करून लगेच परत देऊ."

"अहो, देत नाही असं नाही. फोटोच नाही. ओळखपत्रावरचा तेवढा आहे, त्यात पोलिस शोधत असल्यासारखे दिसतात."  ती माझ्याकडे वळली. "आयुष्यभर कॅमेरा गळ्यात घालून फिरला हा माणूस, आणि मला बघायला एक फोटो नाही गं."

ती हे रडत म्हणाली नाही. तक्रारीच्या सुरात म्हणाली, नळ गळतोय म्हणावं तसं. म्हणूनच मला ते सहन झालं नाही.

"एक आहे," मी म्हणाले. "कॅमेऱ्यात आहे. धुवायचा राहिलाय."

हे त्यांच्यासमोर बोलायला नको होतं. अध्यक्षांनी कप बशीवर ठेवला. "अखेरचा रोल," ते म्हणाले, आणि तक्त्याने मान खाली घातली. त्यांच्या मनात तिथल्या तिथे प्रदर्शनाचं एक दालन वाढलेलं मला दिसलं.

"मी घेऊन जातो. माझ्याकडे सगळी सोय आहे."

"इथेच धुवायचा," आई म्हणाली. "मागे तुम्ही त्यांचं भिंग घेऊन गेलात ते अजून वाटेतच आहे."

मी आधी चौकाजवळच्या स्टुडिओत विचारून आले. तिथला फोटोवाला भला माणूस आहे. त्याने खरं ते सांगितलं. आता महिन्याकाठी एखादा रोल येतो, तो विकतच्या डेव्हलपरमध्ये छापील वेळेवर धुतो, पुढे तुमचं नशीब. आमच्या फिल्मला छापील वेळ लागू नव्हती. बाबांनी ती एका बंद पडलेल्या छापखान्याच्या गोदामातून डब्याने उचलली होती, आणि डब्यावरची मुदत मी कॉलेजात जायच्या आधीच संपली होती. इतकी जुनी फिल्म विकतच्या डेव्हलपरमध्ये नुसती करडी होते. कॉफीत जरा बरी येते. कॉफी धरून बसायचं ते याच कारणाने, भक्तीने नव्हे.

रोल एकच, फ्रेम एकच. वेळ चुकली तर बाबा एकतर धुरकट राहणार किंवा डांबर होणार, आणि दुसऱ्यांदा उभे राहायला ते येणार नव्हते. बाबांच्या पद्धतीत एक सोय मात्र होती. रोलच्या सुरुवातीला त्या रविवारची भिंत होती आणि शेवटी ते. सुरुवातीचे तुकडे कापून त्यांच्यावर वेळ शोधायची, मग उरलेला धुवायचा. आयुष्यात पहिल्यांदा ती भिंत कशाच्या तरी उपयोगी पडणार होती.

रविवारी दुपारी दोघं आले. अध्यक्ष ठेवणीतला शर्ट घालून आले होते.

"तुकडे?" ते म्हणाले. "सरांचा अखेरचा रोल कापायचा?"

"सरांनी प्रत्येक रोल कापलाय."

"पण याची वेळ तर आहे, ताई," तक्त्याने कागद पुढे केला. "ही बघा. हीच फिल्म, हीच कॉफी. पंधरा मिनिटं. सरांनी स्वतः सांगितलेली."

"केव्हा?"

त्याने कागद उलटून पाहिला. मागे काही नव्हतं.

मी सोडा आणि पूड वजन करून ओट्यावर ठेवली, शेजारी बाबांचा कॉफीचा डबा ठेवला, पाण्याच्या भांड्यात थर्मामीटर सोडला आणि त्यांना म्हणाले, "मी आत तुकडा कापून धुवायच्या टाकीत भरते. तोवर डब्यातली कॉफी मोजून घाला आणि ढवळा. फक्त ढवळा."

न्हाणीघराच्या फटींना टॉवेल लावून मी दिवा घालवला. फळीच्या कडेला बाबांनी चाकूने दोन खाचा पाडल्या आहेत, अंधारात बोटांनी लांबी मोजता यावी म्हणून. मी रोलचं टोक एका खाचेवर धरलं, दुसऱ्या खाचेवर कात्री लावली. आईने पहिल्यांदा त्या खाचा पाहिल्या तेव्हा केवढी भांडली होती! फळी नवी होती. कापलेला तुकडा चाकावर गुंडाळून टाकीत घातला, झाकण फिरवलं, उरलेला रोल काळ्या डबीत बंद केला आणि बाहेर आले.

स्वयंपाकघरात छान वास येत होता. मला तेव्हाच थांबायला हवं, असं वाटलं खरं, पण तक्ता घड्याळ हातात घेऊन शर्यत सुरू करणाऱ्यासारखा उभा होता. मी डेव्हलपर ओतला. दर मिनिटाला टाकी उलटी करायची, सुलटी करायची, आपटून बुडबुडे काढायचे. पंधरा मिनिटं झाली. पाणी, मग चित्र पक्कं करणारा फिक्सर, मग पुन्हा पाणी.

तुकडा बाहेर काढला तर त्यावर भिंतीची नुसती आठवण होती. वर्तमानपत्रावर ठेवला. टॉवेलमधून हवामानाचा अंदाज लख्ख वाचता येत होता, खालच्या बारीक आकड्यांसकट.

अध्यक्षांनी चष्मा काढला. "फिल्म गेली," ते म्हणाले. "सरांबरोबरच गेली म्हणायची." त्यांना दुःख झालं होतं, पण वाक्य जमल्याचं समाधानही दिसत होतं.

मी टाकीतून ओतलेला डेव्हलपर नाकाशी नेला. गोणपाट नाही. एखाद्या चांगल्या हॉटेलात सकाळी येतो तसा वास.

"कॉफी कुठली घातलीत?"

 तक्त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, आणि अध्यक्षांनी बॅगेतून एक काचेची बरणी काढली. सोनेरी झाकण, परदेशी अक्षरं.

"माझ्या मुलाने पाठवलीय. म्हटलं, सरांचा शेवटचा रोल. त्याला ती डब्यातली हलकी कॉफी..." त्यांनी बरणीचं झाकण घट्ट केलं. "बरं वाटेना मनाला."

 ही चूक करायला माणसाला पंचवीस वर्षं मंडळाचा अध्यक्ष असावं लागतं. हलक्या कॉफीत जो कडवट गाळ असतो तोच डेव्हलपरचं काम करतो. कॉफी जितकी उंची, तितकी या कामाला निकामी. हे बाबांनी त्यांना दहादा सांगितलं असेल, आणि दहाही वेळा त्यांनी ते नम्रपणे ऐकून घेतलं असेल.

"तुम्ही फिल्मला कॉफी पाजलीत," मी म्हणाले. "पाहुण्यासारखी."

"आणि ज्याला पाजायची त्याला जन्मभर पाण्यासारखी मिळाली," आई म्हणाली, "कारण चमचे सगळे याच्यात जायचे."

मी बाबांचा डबा उघडला. तळाला चमचाभर पूड, तीही दगड झालेली. तेवढ्यापुरतं अध्यक्षांचं चुकलं नव्हतं म्हणायचं. एका टाकीलाही ती पुरली नसती.

आईने एक उसासा टाकला, डाळीचा मोठा डबा खाली घेतला, आत कोपरापर्यंत हात घातला आणि तळातून प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेलं एक पाकीट काढलं. तीच कॉफी.

"लपवून ठेवायचीस?"

"नाहीतर मी काय प्यायचं? सोडा?" तिने पाकीट माझ्या हातात दिलं. "सगळं लागेल?"

"दोन टाक्यांना पुरेल."

"मग माझ्यापुरती दोन चमचे काढ," ती म्हणाली. मग म्हणाली, "राहू दे. घाल."

मी दुसरा तुकडा कापला. आता वास बरोबर आला. अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावला. वेळ मी पुन्हा पंधराच धरली. तक्त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा प्रसन्नता दिसली, पण मी ती त्याच्यासाठी धरली नव्हती. शोधायला कुठून तरी सुरुवात करावी लागते आणि जुन्या सोड्यावर शेवटची जमलेली वेळ योगायोगाने तीच होती.

या वेळी टॉवेल कुट्ट काळा आला. वर्तमानपत्र खाली होतं की नव्हतं, कळत नव्हतं.

"पण तक्त्यात..." तक्ता म्हणाला.

"तक्ता जुन्या कॉफीचा आणि जुन्या सोड्याचा आहे. तो सोडा खड्यांचा होता, निम्म्याहून जास्त पाणीच असतं त्याच्यात. हा नवा कोरड्या भुकटीचा आहे. तेवढ्याच वजनात जोर जास्त."

"मग सरांनी तसं लिहून का नाही ठेवलं?"

"कारण त्यांना ते पुढच्या रविवारी शोधायचं होतं."

मी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून बघत बसले. पहिल्याचा उपयोग नव्हता, तो उंची कॉफीचा. दुसऱ्यात भिंत ठीक होती, कापडाच्या चुण्या दिसत होत्या, फक्त टॉवेलचं डांबर झालं होतं. म्हणजे वेळ कमी करायची. किती? बाबा एका वेळी चौथाईने उतरायचे. त्याहून कमी फरक डोळ्याला दिसत नाही, आणि त्याहून जास्त म्हणजे अंदाज, असं ते म्हणायचे. अंदाज हा शब्द ते शिवीसारखा वापरायचे. चौथाई उतरलं की सव्वाअकरा मिनिटं. ती बरोबर की नाही हे बघायला तिसरा तुकडा हवा होता. भिंत मात्र संपली होती, आणि कॉफी एकाच टाकीची उरली होती.

"थांबावं, ताई," अध्यक्ष समजुतीने म्हणाले. "नवी कॉफी आणू, नवा रोल भरू, त्याच्यावर टेस्ट घेऊ, मग हा निवांत करू. सरांनी अशी घाई कधीच केली नसती."

पहिल्यांदाच ते बरोबर बोलत होते. सरांनी कधीच केली नसती. त्यांनी पाकीट आणलं असतं, रोल भरला असता, टॉवेल वाळत घातला असता. पुढच्या रविवारी सोडा ओलसर लागला असता आणि पुन्हा भिंत. आईचा फोटो, माझा फोटो, माझ्या लग्नातला फोटो, सगळे असेच वेळ सापडेपर्यंत थांबले होते. त्यांच्या हातून चूक म्हणून कधी झालीच नाही, कारण चुकेल असं काही त्यांनी कधी कॅमेऱ्यासमोर धरलंच नाही.

"आई, घालू?"

"मला काय विचारतेस? मला त्यातलं काय कळतं?" ती म्हणाली. मग भांडी घासण्याच्या नळाखाली हात धरून म्हणाली, "घाल गं. आता आणखी किती वाट बघायची."

मी आत जाऊन उरलेला सगळा रोल चाकावर चढवला. अंधारात हात घामेजले होते आणि फिल्म दोनदा अडकली. सव्वाअकरा मिनिटं मी कुणालाही घड्याळ धरू दिलं नाही. टाकी उलटी, सुलटी, आपटायची, ठेवायची. अध्यक्ष काहीतरी गुरूंच्या आठवणी सांगत होते. मी त्यातला एक शब्दही ऐकला नाही, आणि ते चांगलंच झालं.

ओतलं. पाणी. फिक्सर. फिक्सर बाबा विकतचाच आणायचे, आणि त्याबद्दल कुणी टोकलं की 'तुम्ही दात घासायची पावडर घरी करता का?' असं विचारायचे. पुन्हा पाणी. मग झाकण उघडून मी पट्टी वर उचलली.

रोलच्या शेवटाकडे पुष्कळ कोरी फिल्म होती, करडी, काही न घडलेली. तिच्या अलीकडे एक फ्रेम होती.

मी लहानपणापासून चित्र उलटं वाचते. काळा चेहरा, काळे केस, नाही, पांढरे केस, म्हणून इथे काळे. मी पट्टी खिडकीशी धरली, मग वर्तमानपत्रावर ठेवली. टॉवेलमधून एक जाहिरात जेमतेम वाचता येत होती.

बाबा कार्ड धरून उभे होते. तोंड उघडं. मला रागावत होते, आणि त्या रागावण्याने त्यांचा खांदा वर उचलला जाऊन कार्ड तिरकं झालं होतं. कपाळावरची ती आडवी आठी होती. एक भुवई वर गेलेली होती. त्यांच्यामागे दारात आई फडकं पिळत होती आणि हसू दाबायला तिने ओठ आत घेतले होते. ती फ्रेममध्ये आहे हे मला त्या दिवशी दिसलंही नव्हतं.

आईने माझ्या हातून पट्टी घेतली नाही. ओले हात मागे बांधून ती खाली वाकली. तिला निगेटिव्ह वाचता येत नाही. "आहेत?" तिने विचारलं.

"आहेत. तूही आहेस."

"चेहरा आहे?"

"आहे. ओरडतायत."

"हं," ती म्हणाली, आणि तशीच वाकून राहिली.

मग अध्यक्ष पुढे आले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं, दोन पावलं मागे गेले, पुन्हा पाहिलं. "सेल्फ टायमर," ते म्हणाले. "स्वतःचा फोटो. आयुष्याच्या शेवटी कलावंत भिंतीसमोर स्वतः उभा राहतो. आणि वहिनींना कुठे ठेवलंय बघा! ही नजर, ताई, ही शिकवून येत नाही. ही सरांचीच."

तक्त्याने खिशातून पेन काढलं होतं. तो कागदाच्या कोपऱ्यात सव्वाअकरा लिहीत होता.

"हा मी काढलाय," मी म्हणाले.

अध्यक्ष मायेने हसले. "तुमच्या भावना मी समजू शकतो. पण ही चौकट..."

"अहो, तिनेच काढलाय," आई खाली वाकूनच म्हणाली. "मी तिथे होते. ती म्हणतेय ना, मी आहे त्यात."

 नळ चालू होता, तो आईने बंद केला. मी पट्टी पुन्हा उचलली आणि खिडकीच्या उजेडात डोळ्यांसमोर धरली. ते अजून रागावतच होते. त्यांचं म्हणणं संपायची वाट बघायची मला सवय होती. ते संपत नाही हे दिसल्यावर मी बोलले, खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने.

"बाबा, तुम्हाला फोटो काढता येत नव्हता. वेळ बरोबर यायची तुमची. फोटो एकही आला नाही. आणि मी दर रविवारी दोन बस बदलून यायचे, ती काही भिंत बघायला नव्हते येत."